पाकिटाला चार भोकं

१

शुक्रवारी दुपारी चार वाजता ताईंनी पाकिटाची टाचणी काढायला घेतली आणि तिचं टोक कचकन त्यांच्या बोटात घुसलं. "आई गं!" म्हणत त्यांनी बोट तोंडात घातलं, कसंबसं पाकीट फाडलं आणि आतली चिठ्ठी टेबलावर उलगडली. चिठ्ठीवर चारचा आकडा होता. बोटाचं दुखणं त्या तिथेच विसरल्या.

कारण 'कंदीलवाली'ला दहापैकी चार गुण मिळणं शक्यच नव्हतं. चार होतकरू माणसांनी मिळून केलेला तो खेळ. त्याचं परीक्षण मास्तरांनी लिहिलं होतं आणि ताईंनी ते दोनदा तपासलं होतं. 'या वर्षात मी एवढा शहाणा खेळ खेळलो नाही,' असं त्यात छातीठोकपणे लिहिलेलं होतं.

व्हिडिओ गेमची परीक्षणं छापणारं हे साप्ताहिक. ताई तिथे मजकूर तपासायच्या. अठरा वर्षांत त्यांनी स्वतः एकही खेळ शेवटपर्यंत खेळला नव्हता. पहिल्याच खड्ड्यात त्यांचा माणूस पडायचा आणि तिथेच राहायचा. पण परीक्षणात कोण खरं बोलतंय आणि कोण लोणी लावतंय, हे त्यांना वासावरून कळायचं. म्हणूनच त्यांनी पाकिटांचा नियम काढला होता. खेळ संपला की परीक्षकाने एक शब्दही लिहिण्याआधी चिठ्ठीवर फक्त आकडा लिहायचा, पाकीट चिकटवायचं आणि जोडावर सही करायची. मग पाकीट ताईंच्या कुलपातल्या खणात जायचं आणि पानं लागायच्या शुक्रवारी चार वाजता सगळ्यांसमोर उघडायचं. मधल्या काळात कोणाचा फोन येवो, कोणी जेवायला नेवो, आकडा बदलणार नाही. आणि पाकीट उघडेपर्यंत त्या आकड्याबद्दल परीक्षकाने अवाक्षर काढायचं नाही.

बारा वर्षं खेळांना गुण देतो म्हणून ज्यांना सगळे 'मास्तर' म्हणायचे, ते टेबलापलीकडेच उभे होते. मंगळवारीच त्यांनी राजीनामा दिला होता. एका मोठ्या गेम कंपनीत कथालेखक म्हणून ते सोमवारी रुजू होणार होते आणि ही कंपनी म्हणजे 'कंदीलवाली'वाल्यांची कट्टर स्पर्धक. आता नव्या मालकाच्या स्पर्धकाला चार! खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट आली आणि प्रत्येकाने दुसरीकडे बघितलं.

"मास्तर," ताई म्हणाल्या, "हे अक्षर तुझं आहे?"

मास्तरांनी चिठ्ठी उचलली. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"अक्षर माझं, आकडाही माझा," ते म्हणाले. "यापुढे मला काही बोलता येणार नाही."

२

"संपलं की मग," संपादक म्हणाले. "चार म्हणजे चार. नियम तुमचाच आहे, ताई."

"आणि मजकूर? तो नऊचा आहे."

"मजकूर मी रात्रीतून खाली आणतो. वाचक आकडा बघतात, मजकूर वाचतो कोण?" संपादकांनी आवाज खाली आणला. "मास्तर जाता जाता हात दाखवून गेले, एवढंच. बोभाटा नको. उद्या बाराला पानं जातील."

हे ऐकून ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. बुधवारी काढलेल्या दाढेची जागा पुन्हा ठणकायला लागली ती वेगळीच. बारा वर्षं ज्या माणसाने कोणाकडून फुकटची टोपीसुद्धा घेतली नाही, तो शेवटच्या आठवड्यात चार भल्या पोरांच्या पोटावर पाय देईल? दिलाच असेल तर आपली अठरा वर्षं वाया गेली. नसेल दिला, तर उद्या बाराच्या आत ते सिद्ध करायचं. त्यांनी दार लावून घेतलं आणि पाकीट दिव्याखाली धरलं.

सही शाबूत होती. जोड कोणी उकललेला नव्हता. मग त्यांना बोटाची आठवण झाली.

खेळाचं नाव पाकिटावर लिहायची पद्धत नव्हती, कारण कित्येक खेळ जाहीर व्हायच्या आधीच कचेरीत येत. नाव वेगळ्या कार्डावर असे आणि ते कार्ड ताई स्वतः टाचणीने पाकिटाच्या कोपऱ्याला लावत. पूर्वी दोन-तीनदा बोट फुटल्यापासून त्या टाचणीचं टोक नेहमी कार्डाच्या आड दडवायच्या. हे टोक बाहेर होतं.

त्यांनी भिंग घेतलं. एक टाचणी एकदा आत जाते आणि एकदा बाहेर येते, म्हणजे भोकं दोन. या पाकिटाच्या कोपऱ्यात चार होती. कार्डावरही चार.

खणात अजून एक पाकीट होतं, पुढच्या शुक्रवारचं. 'पोलादी पंख' या खेळाचं. खेळ मास्तरांच्या नव्या कंपनीचा, आणि सही मास्तरांचीच. ते उघडायला बंदी होती, बघायला नव्हती. ताईंनी भिंग त्याच्या कोपऱ्यावर नेलं.

एक, दोन, तीन, चार.

३

कोणीतरी दोन पाकिटांवरची कार्डं अदलून बदलून लावली होती. पाकीट फोडायला नको, अक्षर गिरवायला नको. दोन टाचण्या काढायच्या, दोन लावायच्या, काम फत्ते.

आपणच घोटाळा केला का, हा विचार ताईंनी आधी केला, कारण दुसऱ्यावर बोट ठेवण्यापूर्वी ते करणं भाग होतं. पण 'कंदीलवाली'चं पाकीट सोमवारी सकाळी आलं होतं आणि कार्ड लावून लगेच खणात गेलं होतं. 'पोलादी पंख'चं आलं संध्याकाळी पाचला. दोन्ही एकदम हातात कधी नव्हतीच.

राहिला बुधवार. दाढेसाठी त्या दिवसभर रजेवर होत्या आणि खणाची किल्ली नेहमीप्रमाणे पेनांच्या डब्यात होती. ही गोष्ट कचेरीत सगळ्यांना ठाऊक होती. स्वतःच्या या वेंधळेपणाची ताईंना भारी लाज वाटली.

पहिल्यांदा त्या जाहिरातवाल्या बाईंकडे गेल्या. पुढच्या अंकात 'पोलादी पंख'ची पानभर जाहिरात होती, म्हणजे संशय घ्यायला जागा होती.

"बुधवारी माझा खण उघडला होतात?"

"उघडला होता ना, स्टेपलरसाठी," बाई बिनदिक्कत म्हणाल्या. "पाकिटांना हात लावला नाही. माझ्यावर संशय आहे का? अहो, जाहिरात ठरून तीन महिने झाले. त्यांच्या खेळाला शून्य मिळालं तरी ते पान येणारच."

"त्या कंपनीचं काही वेगळं जाणवलं इतक्यात?"

बाईंनी विचार केला. "त्यांच्या प्रसिद्धीच्या बाईंनी काल फोनवर विचारलं, पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडे जाहिरातीचं कोणाशी बोलायचं? म्हटलं, मास्तर चाललेत हे यांना कळलेलं दिसतंय."

"मास्तर कधी जाहिरातीचं बोलतात?"

"छे! त्यांना जाहिरातीचा वाराही सोसत नाही. ते सगळं मी आणि..." बाई थांबल्या. "अगंबाई!"

"सध्या तोंडाला कुलूप," ताई म्हणाल्या आणि पानं लावणाऱ्या मांडणीवाल्याकडे वळल्या.

मांडणीवाला कानात गाणी घालून बसला होता. पुढच्या अंकाचं एक पान आठवडाभर आधी तयार आहे, याचा त्याला कोण अभिमान. त्याने हौसेने ते पडद्यावर उघडलं. 'पोलादी पंख'चंच पान होतं. वरच्या कोपऱ्यात लाल पट्टी झळकत होती: 'जरूर खेळा'.

ताई पडद्याजवळ वाकल्या. ती पट्टी आठ किंवा त्याहून जास्त गुण मिळालेल्या खेळालाच लागायची. आणि या खेळाचं पाकीट तर अजून खणात बंद होतं.

"ही पट्टी लावायला तुला कोणी सांगितलं?"

"मजकूर ज्यांनी दिला त्यांनीच. काल सकाळी."

"मजकूर कोणी दिला?"

मांडणीवाल्याने सांगितलं. ताई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

४

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या बायकोने उघडलं आणि ताईंना पाहून तिचा बांध फुटला.

"आलात? या. बारा वर्षं हे दुसऱ्यांच्या गोष्टींना गुण देत बसले, ताई. गेल्या वर्षी स्वतःची एक गोष्ट लिहून त्या कंपनीला पाठवली आणि विसरूनही गेले. मंगळवारी त्यांचं पत्र आलं तेव्हा हे स्वयंपाकघरात रडले. माझा नवरा मी पहिल्यांदा रडताना बघितला. आणि आता तुमच्या त्या पाकिटापायी बदनाम होऊन जायचं? उद्या ही बातमी फुटली तर ते तरी घेतील का यांना?"

ताई चपला काढून आत गेल्या. मास्तर आतल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होते.

"मला आकडा विचारायचा नाही," ताई म्हणाल्या. "नियम मीच केलाय. वेगळं विचारते. 'पोलादी पंख'चं परीक्षण तू का लिहिलं नाहीस?"

"कसं लिहिणार? मंगळवारी पत्र आलं, त्याच दुपारी मी त्या खेळातून अंग काढून घेतलं. जिथे नोकरीला जायचं त्यांच्याबद्दल लिहायचं नाही. आकडा सोमवारीच बंद झाला होता, तो राहिला."

"आणि खेळताना केलेली टिपणं?"

"संपादकांना दिली. ते म्हणाले, कोणाकडून तरी लिहून घेतो."

"टिपणं आणखी कोणी बघितली?"

"कोणीच नाही. त्यांच्या हातात दिली आणि निघालो."

ताई उठल्या. दारापर्यंत जाऊन परत फिरल्या.

"नियम असला तरी एवढं सगळं निमूट सोसायचं? चार वाजता तुला सगळं कळलं होतं ना?"

मास्तर हातातल्या पुस्तकाची धूळ उगाच पुसत राहिले. "मला वाटलं, दाढेच्या दुखण्यात तुमच्याकडूनच काहीतरी झालं असेल. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्यांसमोर तुमची शोभा झाली असती. पुढच्या शुक्रवारी दुसरं पाकीट उघडलं की मला बोलता आलंच असतं, एका आठवड्याचा तर प्रश्न होता."

या वेड्याने त्यांची अब्रू राखायला स्वतःची पणाला लावली होती. ताई जिना उतरल्या आणि खाली आल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी डोळे पुसले.

५

शनिवारी सकाळी दहा वाजता त्यांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाशी बसवलं: संपादक, जाहिरातवाल्या बाई, मांडणीवाला आणि मास्तर. मधोमध दोन पाकिटं, दोन कार्डं आणि भिंग.

"दोन तास राहिलेत, ताई," संपादक घड्याळ बघत म्हणाले. "मजकूर मी खाली आणलाय."

"तो तसाच राहू दे. आधी भोकं मोजा."

भिंग हातोहात फिरलं. मांडणीवाल्याने दोनदा मोजली.

"बुधवारी मी नसताना कार्डं बदलली गेली," ताई म्हणाल्या. "किल्ली मी उघड्यावर ठेवली, तो दोष माझा. खण कोणीही उघडू शकलं असतं. पण कार्डं बदलून फायदा कोणाला? 'पोलादी पंख'ला. आणि तोही कधी? त्याचा आकडा कमी आणि 'कंदीलवाली'चा जास्त असेल तरच. उलटं असतं तर बदलणाऱ्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला असता. पाकिटं तर बंद होती. मग आत काय आहे याचा अंदाज कोणाला होता?"

ताईंनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली.

"'कंदीलवाली'चं कौतुक मजकुरात होतं. तो मंगळवारीच मी वाचला, मांडणीवाल्याने वाचला, संपादकांनी वाचला. 'पोलादी पंख'बद्दल मास्तरचं मत फक्त टिपणांत होतं आणि ती एकाच माणसाकडे गेली. मास्तर सोडला तर दोन्ही वाचलेला माणूस या टेबलाशी एकच आहे."

संपादक हसले. "टिपणं चांगली होती. भरभरून कौतुक होतं. मग मी कशाला काही बदलू?"

"बघू या ना मग. कुठे आहेत?"

"काम झाल्यावर टाकली."

"त्यांवरून गुरुवारी सकाळी तुम्ही स्वतः मजकूर लिहून दिलात आणि वर 'जरूर खेळा'ची पट्टी लावायला सांगितलीत. अठरा वर्षांत पाकीट उघडायच्या आधी कोणी पट्टी मागितलेली नाही."

"अंदाज होता माझा!"

"मग तो तपासून घेऊ. नियम मी केला, मोडतेही मीच, आणि चौघांच्या देखत मोडते." ताईंनी दुसरं पाकीट उचलून फाडलं आणि चिठ्ठी टेबलाच्या मधोमध ठेवली.

नऊ.

"बघा, अंदाज बरोबर आला!" संपादक खुर्चीतून अर्धे उठले. "नव्या मालकाला नऊ, त्याच्या स्पर्धकाला चार. मी काल म्हणत होतो तेच!"

"तसंच दिसावं अशीच ही मांडणी आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण मास्तरने स्वतःच हे आकडे असे दिले असते, तर पाकिटांना नवी भोकं पाडायची कोणाला गरज होती? कार्डं बदलली आहेत. म्हणजे नऊ 'कंदीलवाली'चा आणि चार 'पोलादी पंख'चा. आणि ती मास्तरने बदलली असती, तर चारची टिपणं वाचून तुम्ही पट्टी मागितलीच नसती. ज्या कंपनीचं पत्र दुसऱ्या दिवशी येणार होतं, तिच्या खेळाला या माणसाने सोमवारी चार दिले."

जाहिरातवाल्या बाई संपादकांकडे वळल्या. "त्या कंपनीने मला विचारलं, पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडे कोणाशी बोलायचं. मास्तरांशी त्यांचं कधीच बोलणं नव्हतं. बोलणं होतं तुमच्याशी. तुम्ही कुठे चाललात, साहेब?"

संपादकांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं.

"महिनाअखेरीस सांगणारच होतो," ते म्हणाले. "प्रसिद्धी विभागाचं प्रमुखपद आहे. एवढा मोठा खेळ, त्याचं परीक्षण माझ्याच अंकात, आणि त्याला चार? कोणत्या तोंडाने गेलो असतो मी तिथे?"

"आणि त्या पोरांनी काय करायचं होतं? त्यांना दुसरं कोण विचारतं?"

"एका आकड्याने काही बुडत नाही कोणी."

"तर मग तुमचंही बुडलं नसतं," ताई म्हणाल्या. "मास्तरने आपण कुठे जातोय ते त्याच दिवशी सांगितलं, म्हणून सगळ्यांनी त्याच्यावर संशय घेतला. तुम्ही लपवलंत आणि आम्ही तुम्हाला साहेब म्हणत राहिलो."

संपादकांनी कोट उचलला. जिन्यावरचा त्यांच्या बुटांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

बाराला पाच मिनिटं असताना 'कंदीलवाली'चं पान मूळ मजकुरासह आणि नऊ गुणांसह छपाईला गेलं.

६

दुपारी खोलीत ताई आणि मास्तर दोघंच उरले. ताईंनी चारची चिठ्ठी हातात घेतली आणि जे आयुष्यात कधी म्हणतील असं त्यांना वाटलं नव्हतं, ते म्हणाल्या.

"ऐक. हे पाकीट तसंही आता मोडलेलं आहे. आपण दुसऱ्या कोणालातरी खेळायला देऊ, तो नवा आकडा देईल. तुझं नावच यायला नको. तू सोमवारी निवांत जा."

"आणि त्याने आठ दिले तर?"

"तर आठ छापू. त्याचं खरं मत असेल ते."

मास्तरांनी मान हलवली. "तो खेळ मी चाळीस तास खेळलोय, ताई. चार आहे तो. माझी नोकरी वाचावी म्हणून तुम्ही पाकीट फाडून टाकलंत, तर साहेबांत आणि आपल्यात फरक काय राहिला? आकडा छापा. खाली लिहा की गुण देणारा याच कंपनीत चाललाय. आणि त्यांना मीच सांगतो. मासिकात वाचून कळायला नको."

"हे साप्ताहिक आहे," ताई सवयीने म्हणाल्या, आणि दोघंही नको तेव्हा हसले.

मास्तरांनी तिथूनच फोन लावला. काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं, काही लपवलं नाही. मग बराच वेळ ऐकत राहिले. एकदा "समजू शकतो" म्हणाले, एकदा "नाही, आकडा बदलणार नाही" म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"सोमवारी येऊ नका म्हणाले."

ताईंना रडू आवरेना. दाढेवर रुमाल दाबल्याचं निमित्त करून त्या खिडकीकडे तोंड फिरवून उभ्या राहिल्या. किल्ली डब्यात ठेवली नसती तर, हा एकच विचार त्यांना जाळत होता. मागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं. मास्तर त्यांच्याच टेबलाशी बसले होते, समोर कोरा कागद घेऊन.

"काय करतोस?"

"'पोलादी पंख'चं परीक्षण लिहितोय. साहेबांचा मजकूर तर आता टाकूनच द्यायचा. आणि मी काही आता त्या कंपनीचा नाही. म्हणजे मला लिहिता येतं. नियमात बसतं ना?"

ताईंनी मनातल्या मनात नियम पुन्हा तपासला. बसत होतं.

"घरी आधी फोन कर," त्या म्हणाल्या.

"करतो. एवढा पहिला परिच्छेद झाला की करतो."

"मास्तर, रागात लिहू नकोस. मी एक शब्द सोडणार नाही."

"राग आजचा आहे, ताई. आकडा सोमवारचा आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "चारच्या खाली पाव गुणही जाणार नाही."

"मग सुरुवात कुठून करणार?"

मास्तरांनी कागद जवळ ओढला.

"त्यात जे चांगलं आहे तिथून," ते म्हणाले आणि लिहायला लागले.